नळाला मीटर बसला तर तो नेमकं काय मोजणार?

नाशकात पाण्याच्या मीटरचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, बिल किती वाढणार. प्रश्न रास्तच आहे, पण मला वाटतं मीटरचा सगळ्यात कामाचा आकडा आपल्या घरच्या डबीवर दिसतच नाही, तो वजाबाकी केल्यावर मिळतो. जलकुंभातून एका भागाला किती पाणी सोडलं आणि त्या भागातल्या सगळ्या नळांवर मिळून किती पोचलं, यातला फरक म्हणजे रस्त्याखाली मुरलेलं, चोरून घेतलेलं नाहीतर बिघडलेल्या मीटरमधून तसंच निघून गेलेलं पाणी. घरोघरी मोजल्याशिवाय हा फरक कळायला मार्गच नाही.

आता बघा, गंगापूर धरणात पाणी किती हे आपण टीएमसीत सांगतो (एक टीएमसी म्हणजे साधारण 2,831 कोटी लिटर), फिल्टर प्लँटवर तेच पाणी एमएलडीत, म्हणजे दिवसाला किती दशलक्ष लिटर असं मोजतात, आणि आपल्या घरी आलं की हिशोब येतो "आज टाकी भरली" किंवा "आज धार बारीक होती" यावर. जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की आपण सगळे तावातावाने भांडतो आणि भांडायलाही पाहिजे, पण शहराची खरी गरज एवढी आणि गळती एवढी हे दाखवायला शेवटच्या नळापर्यंतचे आकडे हातात असले तर आपलं म्हणणं किती भक्कम होईल!

घरगुती मीटर आत कसा असतो ते सांगतो, कारण निम्मे वाद तिथेच सुटतात. नेहमीचा अर्धा इंची मीटर घ्या. पाणी आत शिरताना आधी बारीक जाळी लागते, मग तिरक्या भोकांमधून चारी बाजूंनी एका छोट्या प्लॅस्टिकच्या पंख्यावर आपटतं आणि पंखा फिरतो. पाणी जितकं जोरात तितका पंखा जोरात, त्यामुळे किती फेरे झाले त्यावरून किती लिटर गेलं ते कळतं. पंख्याच्या डोक्यावर चुंबक असतो, मध्ये सीलबंद पडदा आणि पलीकडच्या कोरड्या भागात दुसरा चुंबक, तो खालच्याबरोबर फिरतो आणि दातेरी चाकांमधून आकडे पुढे सरकवतो. साधारणपणे काळे आकडे हजार लिटरचे, लाल त्याखालचे. बऱ्याच मीटरवर एक बारीक चांदणीसारखी चकतीही असते, घरातले सगळे नळ बंद आहेत आणि टाकीत पाणी पडत नाहीये तरी ती हळूहळू फिरत असेल तर मीटरनंतर कुठेतरी लिकेज आहे, प्लंबरला बोलवा.

या पंख्याला एक गोष्ट कळत नाही, आपल्या अंगावरून पाणी चाललंय की हवा. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं आणि मग बंद होतं, बंद झालं की उतारावरच्या लाइनी रिकाम्या होतात आणि त्यात हवा भरते. दुसऱ्या दिवशी वॉलमनने वॉल्व उघडला की पाणी मागून रेटतं आणि पुढची हवा फुस्स करून तुमच्या नळातून बाहेर पडते, आणि मीटर पळतो. "हवेचं बिल लावतात" ही तक्रार लोक उगाच करत नाहीत, त्यामागे सरळ भौतिकशास्त्र आहे. यावर उपाय आहेत, लाइनच्या उंच जागी हवा सोडणारे एअर वॉल्व बसवायचे आणि मीटर असा खालच्या पातळीला, आडवा बसवायचा की तो कायम पाण्याने भरलेला राहील. पण मुळावरचा उपाय म्हणजे लाइनीत चोवीस तास प्रेशर ठेवणं.

उलटंही होतं आणि त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. अर्धा इंची क्लास बी मीटरची (क्लास म्हणजे मीटरच्या अचूकपणाचा दर्जा) किमान मर्यादा तासाला 30 लिटर. त्याखाली अचूकपणाची हमी नाही आणि धार अगदीच बारीक असली तर पंखा हलतच नाही. गच्चीवरची टाकी भरत आली की बॉलकॉक अर्धवट मिटतो आणि पाणी केसाएवढ्या धारेने येत राहतं, ते नीट मोजलंच जात नाही. सेकंदाला एक थेंब टपकणारा नळ दिवसाला 4 लिटरच्या आसपास पाणी घालवतो, मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. अल्ट्रासॉनिक मीटरमध्ये फिरणारा भाग नसतो, ध्वनिलहरीला प्रवाहाच्या दिशेने जायला कमी वेळ लागतो आणि उलट दिशेने जास्त, त्या फरकावरून वेग काढतात, म्हणून बारीक धारही पकडता येते. मीटर महाग पडतो, पण पावसाळ्यात गोदेला गढूळ पाणी आलं की पंख्याच्या मीटरच्या जाळीचे काय हाल होतात ते बघता मला तो खर्च पटतो.

नळाला डायरेक्ट मोटर लावणाऱ्यांना कळकळीची विनंती, ती मोटर लाइनमधलं पाणी खेचताना आत निर्वात तयार करते आणि पाइपला तडा असेल तर शेजारच्या गटारातलं पाणी आत ओढलं जातं. शेजाऱ्याचं पाणी जातं ते वेगळंच, पण तुमच्याच पोरांच्या ग्लासात ते येतं हो.

आता परत वजाबाकीकडे. जिथे चोवीस तास पाणी असतं तिथे इंजिनियर लोक रात्री 2 ते 4 मधला प्रवाह बघतात, त्या वेळी लोक झोपलेले असतात, तरी एखाद्या भागात भरपूर पाणी चाललं असेल तर त्यातलं बहुतेक गळतीचं. आपल्याकडे रात्री बऱ्याच लाइनी बंदच, त्यामुळे ही सोपी तपासणी करताच येत नाही. कराडजवळच्या मलकापूरने मीटर आणि चोवीस तास पाणी दोन्ही एकत्र आणून दाखवलं, गाव लहान आहे हे मान्य, पण क्रम महत्त्वाचा: आधी जलकुंभाच्या तोंडाशी मोठे मीटर, मग एकेक भाग वेगळा करून लाइनी दुरुस्त, आणि घरांचे मीटर त्याच्याबरोबर. नुसते घरांचे मीटर लावून बिलं पाठवली तर लोक चिडणार आणि त्यांचं चुकणार नाही. शिवाय गळणारं पाणी फुकटचं नसतं, 1000 लिटर पाणी 100 मीटर वर चढवायला पंपाचा तोटा धरून साधारण 0.4 युनिट वीज लागते.

दराचं म्हणाल तर माणशी दिवसाला 135 लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण धरलं की चौघांच्या घराला महिन्याला साधारण 16,000 लिटर लागतं. एवढं पाणी स्वस्तच राहिलं पाहिजे, त्यापुढे वापर वाढेल तसा दर वाढवा, माझी हरकत नाही. पण जुन्या नाशकातल्या वाड्यात किंवा पंचवटीतल्या चाळीत एकाच नळावर चार बिऱ्हाडं असतात, त्यांचा एकत्र वापर मीटरवर 64,000 दिसणार आणि गरीब माणूस श्रीमंत बंगल्याच्या दरात जाऊन बसणार. मीटर कनेक्शन मोजतो, कुटुंबं मोजत नाही. म्हणून मीटर बसवतानाच त्या नळावर किती बिऱ्हाडं आहेत हे नोंदवून घ्या आणि स्वस्त दराची मर्यादा तितक्या पटीने वाढवून द्या. हे बिल छापायच्या आधी व्हायला हवं, कारण नंतर दुरुस्तीसाठी विभागीय कार्यालयात खेटे घालायची वेळ येईल ती नेमकी त्याच लोकांवर, ज्यांचा एक दिवसाचा रोज बुडणं परवडत नाही.