सर्चफॉर-सी आणि एलपीएसएफ: अट कोणती, संदर्भ कोणता

मेनफ्रेमवरचा कोबोल सोर्स, म्हणजे प्रोग्रामचा लिहिलेला मजकूर, सुपरसी या मजकूर शोधणाऱ्या टूलने चाळताना सर्चफॉर-सी आणि एलपीएसएफ या त्याच्या दोन सोयींची गल्लत फार होते. 'आजूबाजूचंही बघायचंय' म्हणून कोणी हे वापरतं, कोणी ते. ऐरोली-महापे पट्ट्यात बँक-विम्याचे जुने प्रोग्राम सांभाळणाऱ्या टीमला ही गल्लत महागात पडते, कारण इम्पॅक्ट अ‍ॅनालिसिसच्या, म्हणजे एखाद्या बदलाचा परिणाम कोणकोणत्या प्रोग्रामवर होईल त्या यादीतून एखादा प्रोग्राम गळतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

सर्चफॉर-सी ही अट आहे. आधीच्या सर्चफॉरमधला (काय शोधायचं ते सांगणाऱ्या स्टेटमेंटमधला) मजकूर ज्या ओळीत आहे, त्याच ओळीत हा दुसरा मजकूरही असला तरच ओळ सापडली असं सुपरसी मानतं. याउलट नुसते सर्चफॉर एकाखाली एक दिले, तर त्यातलं कोणतंही एक मिळालं तरी पुरतं.

एलपीएसएफ हा प्रोसेस ऑप्शन आहे आणि तो शोधात काहीच बदल करत नाही. सापडलेल्या ओळीच्या वरच्या सहा आणि खालच्या सहा ओळी तो लिस्टिंगमध्ये, म्हणजे निकालाच्या यादीत, छापतो, एवढंच. आकडा बदलायचा तर सिसइनमध्ये, म्हणजे शोधाच्या सूचनांच्या इनपुटमध्ये, एलपीएसएफव्ही आणि पुढे संख्या द्यायची. 50 पर्यंत चालते.

आता खरी अडचण बघा. कोबोलमध्ये स्टेटमेंट एका ओळीत संपवायचं बंधन नाही. पहिल्या ओळीत 'मूव्ह डब्ल्यूएस-इंट-रेट' आणि खालच्या ओळीत 'टू आउट-इंट-रेट' असं सर्रास लिहिलेलं असतं. सर्चफॉरला पहिलं फील्ड आणि सर्चफॉर-सीला दुसरं दिलं, तर ही जोडी सापडणारच नाही. सोबत एलपीएसएफ लावूनही उपयोग नाही, कारण मुळात एकही ओळ अटीत बसलेली नाही, मग आजूबाजूचं छापणार कशाच्या? अशा वेळी सर्चफॉर-सी काढून टाकावं, दोनपैकी कमी वापरलं जाणारं फील्ड एकटंच शोधावं, एलपीएसएफ लावावं आणि जोडी डोळ्यांनी पाहावी. सर्चफॉर-सी तिथेच वापरावं जिथे दोन्ही शब्द एका ओळीत असणार याची खात्री आहे, उदाहरणार्थ 'कॉल' आणि अवतरणातलं प्रोग्रामचं नाव. तिथेही नाव पुढच्या ओळीत गेलेलं असू शकतं, म्हणून खात्रीचं काम असेल तर नुसतं नावच शोधलेलं बरं.

बॅचमध्ये आयएसआरएसयूपीसी हा प्रोग्राम चालवायचा. पार्ममध्ये (प्रोग्रामला द्यायच्या पर्यायांत) सर्च-सीएमपी (शोध करायचा हे सांगणारा पर्याय), एनी-सी आणि एलपीएसएफ, न्यू-डीडीला सोर्स लायब्ररी, आउट-डीडीला लिस्टिंग, आणि सर्चफॉरची स्टेटमेंट्स सिसइनमध्ये. एनी-सी विसरलात तर लहान-मोठी अक्षरं वेगळी धरली जातात. रिटर्न कोड 1 आला म्हणून जॉब पडला असं समजू नका. शोधात 1 म्हणजे मजकूर सापडला, 0 म्हणजे सापडला नाही.

एका सापडलेल्या ओळीमागे 13 ओळी, हे गणित लक्षात ठेवा. 400 ठिकाणी वापरलेल्या फील्डवर लिस्टिंग 5,200 ओळींपर्यंत जाऊ शकते. म्हणून आधी एलएमटीओ लावून नुसते मेंबरनिहाय (लायब्ररीतल्या एकेका फाइलचे) आकडे बघावेत, आणि संदर्भ हवा त्याच मेंबरवर एलपीएसएफ चालवावं.

सहा काय, पन्नास ओळींतही पॅराग्राफचं (प्रोग्राममधल्या नाव दिलेल्या भागाचं) नाव येईलच असं नाही. 'ही ओळ कोणत्या पॅराग्राफमध्ये आहे' हाच प्रश्न असेल, तर मेंबर व्ह्यूमध्ये (वाचायच्या स्क्रीनवर) उघडून 'एक्स ऑल' ने सगळ्या ओळी लपवा, 'फाइंड ऑल' ने फील्ड उघडं करा, आणि दुसऱ्या 'फाइंड ऑल' मध्ये 'रिकामं नसलेलं कोणतंही अक्षर' ही पिक्चर स्ट्रिंग देऊन फक्त आठवा रकाना सांगा. कोबोलमधली पॅराग्राफची नावं एरिया ए मध्ये, म्हणजे 8 ते 11 या रकान्यांत सुरू होतात, सहसा आठव्यातच. त्यामुळे नावं आणि फील्डच्या ओळी एकाखाली एक दिसतात. सातव्या रकान्यात तारा असलेल्या कॉमेंटही मध्ये डोकावतात, त्या सोडून द्यायच्या.

कॉपीबुकची ('कॉपी'ने प्रोग्राममध्ये ओढल्या जाणाऱ्या सामाईक मजकुराची) लायब्ररी न्यू-डीडीला जोडायला किंवा वेगळी शोधायला विसरू नका. सुपरसी लिहिलेला मजकूर बघतं, कंपाइलरने उलगडलेला नाही. 'कॉपी' सोबत 'रिप्लेसिंग' वापरून फील्डचं नाव बदललेलं असेल, तर ते पूर्ण नाव कॉपीबुकमध्ये कुठेच मिळणार नाही. तिथे 'रिप्लेसिंग' हाच शब्द शोधावा आणि त्यावर एलपीएसएफ लावून बदललेली नावं वाचावीत.