पाळी लांबणे

पाळी लांबणे : अपेक्षित दिवस उलटूनही मासिक पाळी न येणे. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचे अंतर म्हणजे चक्र. प्रौढ स्त्रीत ते साधारण २१ ते ३५ दिवसांचे असते आणि त्यात थोडेफार मागेपुढे होतेच. बोलताना ‘पाळी पुढे गेली’, ‘महिना चुकला’ असे म्हणतात. ‘दिवस गेले’ म्हणजे मात्र गरोदर राहणे. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात ‘पाळी’ कारखान्याचीही असते, पहिली, दुसरी, रात्रीची. आणि या दोन पाळ्या एकमेकींना अगदीच परक्या नाहीत.

पुष्कळदा घोटाळा मोजण्यात असतो. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर १२ जानेवारीला गोल केला की १२ फेब्रुवारीची वाट पाहणे सुरू होते. चक्र २८ दिवसांचे असेल तर पाळी ९ तारखेलाच येईल, ३३ दिवसांचे असेल तर १४ ला. या दुसऱ्या बाईचे काहीही लांबलेले नाही, तिचे चक्रच तेवढे आहे. तारीख नव्हे, दिवस मोजावेत.

चक्राच्या पहिल्या भागात बीजकोशात बीज पिकते. ते सुटल्यानंतरचा दुसरा भाग सुमारे १४ दिवसांचा असतो व तो फारसा बदलत नाही. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हॉर्मोन) उतरते आणि गर्भाशयाचे अस्तर सुटून रक्तस्राव होतो. म्हणजे गर्भ नसताना पाळी लांबली, तर बहुधा बीजच उशिरा सुटलेले असते किंवा सुटलेलेच नसते. म्हणून कारण कालपरवाच्या दगदगीत शोधून सापडत नाही. दोन-तीन आठवडे मागे जावे लागते. तेव्हा आलेला जोराचा ताप, परीक्षेची जागरणे, घरातले आजारपण यांचा हिशेब आता पुढे येतो.

लैंगिक संबंध आलेला असेल तर सर्वांत आधी गर्भचाचणी. सकाळची पहिली लघवी वापरावी. बीज उशिरा सुटले असल्यास सुरुवातीची चाचणी खोटीच ‘नाही’ सांगू शकते, म्हणून आठवड्याने पुन्हा करावी. पाळी चुकलेली, ओटीपोटात एका बाजूला कळ, थोडे रक्त आणि चक्कर असे एकत्र आले, तर गर्भ नलिकेत राहिल्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळ होण्याची वाट पाहू नये.

वारंवार लांबण्यामागे पीसीओएस, म्हणजे बीज नियमित सुटू न देणारा संप्रेरकांचा बिघाड, हे मोठे कारण आहे. बोलीत सगळे त्याला ‘पीसीओडी’च म्हणतात. चेहऱ्यावर राठ केस, मुरुमे, वाढते वजन ही त्याची सोबत. वजन मुळात जास्त असल्यास ते ५ ते १० टक्के उतरले तरी अनेकींची पाळी मार्गी लागते. सोनोग्राफीत बीजकोशावर बारीक गाठी दिसल्या एवढ्यावर मात्र निदान होत नाही. तरुण मुलींत त्या आजाराशिवायही दिसतात. थायरॉईडचा बिघाड आणि वाढलेले प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारे संप्रेरक) रक्ततपासणीत कळतात. काही मानसोपचाराच्या व उलटीच्या गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढते. कडक डाएट आणि अतिव्यायामाने पाळी थांबू शकते. गर्भाशयाचा क्षयरोग हे आपल्याकडे विसरू नये असे कारण.

याच पट्ट्यातल्या ऐरोली, महापे येथील कार्यालयांत रात्रपाळी करून पहाटे घरी येणारी आणि आल्या आल्या मुलांच्या डब्याला लागणारी बाई झोपते कधी, हाही वैद्यकीय प्रश्न आहे. झोपेचे घड्याळ बिघडले की बीज पिकवणाऱ्या संप्रेरकांची लय ढळू शकते. रात्रपाळी आणि अनियमित पाळी यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे, पण प्रत्येकीला त्रास होतोच असे नाही.

पाळी सुरू झाल्यावरची पहिली काही वर्षे, स्तनपानाचा काळ आणि चाळिशीनंतर पाळी अनियमित होणे स्वाभाविक असते. चाळिशीच्या आत ती महिनोन्‌महिने बंद राहणे तसे नसते. सलग तीन महिने पाळी न आल्यास तपासणी करून घ्यावी.

गोळ्यांमुळेही पाळी हलते. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या तातडीच्या गर्भनिरोधक गोळीने ती आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. सरकारी दवाखान्यातली ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी सुरुवातीच्या महिन्यांत पाळी लांबवू शकते. ‘अंतरा’ या गर्भनिरोधक इंजेक्शनने ती पूर्ण थांबूही शकते. पपई, तीळ, गूळ खाऊन पाळी ‘उतरवण्याचा’ उपाय घरोघरी सांगितला जातो, पण त्याला भरवशाचा पुरावा नाही.

मुद्दाम लांबवण्याचा प्रकार वेगळाच. गौरी-गणपती जवळ आले की मेडिकलच्या काउंटरवर आवाज खाली आणून ‘पुढे ढकलायची गोळी’ मागितली जाते आणि ती कागदात गुंडाळून मिळते. ही नॉरएथिस्टेरॉनची गोळी. नेहमीची पद्धत म्हणजे ५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, अपेक्षित दिवसाच्या तीन दिवस आधीपासून. खरे तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायची. रक्तात गुठळी झाल्याचा इतिहास असलेल्यांनी तर घेऊच नये. तिने गर्भ टळत नाही. थांबवल्यावर बहुधा दोन-तीन दिवसांत पाळी येते. विसर्जन होऊन आठवडा उलटला तरी आली नाही, तर पुन्हा गर्भचाचणीच करावी लागते.