दहा किलोमीटरचं वर्तुळ

अणुदुर्घटनेसाठी जपानने वेगळा कायदा केला तो फुकुशिमा अणुवीज प्रकल्पातल्या २०११च्या दुर्घटनेच्याही आधी. ३० सप्टेंबर १९९९ला तोकाईमुरा गावातल्या अणुइंधन कारखान्यात कामगारांनी युरेनियमचं द्रावण बादलीने टाकीत ओतलं. प्रमाण मर्यादेच्या कितीतरी वर गेलं आणि टाकीतच अणुविभाजनाची साखळी प्रक्रिया सुरू झाली. दोन कामगार पुढे दगावले. ३५० मीटरच्या आतल्या लोकांना हलवायचं, हे टोकियोने ठरवलं नाही. गावच्या प्रमुखाने ठरवलं. डिसेंबरमध्ये कायदा संमत झाला.

त्यानंतर प्रकल्पांजवळ आपत्कालीन केंद्रं उभी राहिली. संकटात सरकार, कंपनी आणि स्थानिक अधिकारी एका छताखाली बसतील, ही कल्पना. रंगीत तालमीही झाल्या. फुकुशिमाचं केंद्र ओकुमा गावात होतं, प्रकल्पापासून जेमतेम ५ किलोमीटरवर. ११ मार्च २०११च्या भूकंपात तिथली वीज गेली, फोन बंद पडले. किरणोत्सारी धूळ अडवणारे फिल्टर तर बसवलेच नव्हते. ही उणीव २००९मध्येच एका मंत्रालयाने दाखवून दिली होती. अखेर १५ मार्चला अधिकाऱ्यांनाच तिथून बाहेर पडावं लागलं.

माझ्या मते मूळ दोष वर्तुळाचा होता. आपत्कालीन नियोजन प्रकल्पाभोवतीच्या ८ ते १० किलोमीटरपुरतंच. २००६मध्ये ते बदलायचा विचार सुरू झाला, तेव्हा लोक घाबरतील म्हणून नियामक संस्थेनेच विरोध केला. प्रत्यक्षात फुकुशिमात एका दिवसात लोकांना हलवण्याची हद्द ३ किलोमीटरवरून १० आणि मग २०वर गेली. प्रकल्पाजवळच्या नामिए गावचे हजारो लोक वायव्येला त्सुशिमात गेले, तिथे मुलं उघड्यावर खेळत होती, आणि किरणोत्सारी ढग नेमका त्याच दिशेला वळला. वाऱ्याचा अंदाज बांधणाऱ्या संगणक प्रणालीचे नकाशे लोकांसमोर आले २३ मार्चला. प्रकल्पाजवळचं फुताबा रुग्णालय आणि शेजारच्या वृद्धाश्रमातले ४०हून अधिक जण हलवाहलवीत आणि त्यानंतर दगावले. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना कुठे, कशातून न्यायचं, याचं उत्तर कुठल्याच आराखड्यात नव्हतं.

२०१२मध्ये नवी नियामक संस्था आली, नियोजनाचं वर्तुळ ३० किलोमीटर झालं. स्थलांतराचे आराखडे मात्र स्थानिक पालिकांनीच करायचे. तोकाईमुरातल्याच अणुवीज प्रकल्पाभोवती या वर्तुळात नऊ लाखांहून अधिक लोक राहतात. मार्च २०२१मध्ये मितोच्या जिल्हा न्यायालयाने तो चालवायला मनाई केली, कारण १४ पैकी फक्त ५ पालिकांचे आराखडे तयार होते.