आकडा तोच, रहिवासी नवे

फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकाला, उथळ खाऱ्या पाण्यात, तांबड्या खारफुटीची असंख्य छोटी बेटं उभी आहेत. बेट म्हणायचं ते सवयीनं, कारण कोरडी जमीन तिथं जवळजवळ नाहीच. चिखलात रुतलेली मुळं, वर झाडांचा झुबका आणि चहूबाजूंनी पाणी. १९६६-६७ मध्ये यांतल्या सहा बेटांभोवती माणसांनी परांची बांधली, वर कापड ओढून अख्खं बेट तंबूत घेतलं आणि आत मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिली. घरांतली कीड मारणाऱ्या कारागिरांनीच हे काम केलं. दिवसाच्या उष्णतेत हा वायू झाडांनाही इजा करतो, म्हणून धुरी रात्री द्यायची असं ठरलं. झाडं जगली पाहिजेत, पण त्यांवरचा किडा-कोळी एकही उरता कामा नये, असा हा नाजूक बेत होता.

तो आखणारे दोघे होते. एक मुंग्यांचे अभ्यासक एडवर्ड विल्सन आणि दुसरे त्यांचे विद्यार्थी डॅनियल सिम्बरलॉफ, जे गणित शिकून जीवशास्त्राकडे वळले होते. बेट रिकामं केलं तर जीवसृष्टी तिथं कशी परतते, किती परतते आणि कुठं थांबते, हे त्यांना मोजायचं होतं.

विल्सन मुंग्यांकडे वळले त्यामागे एक अपघात होता. १९३६ साली, सात वर्षांचे असताना, गळाला लागलेला मासा त्यांनी झटक्यात वर ओढला आणि त्याच्या परातला काटा उजव्या डोळ्यात घुसला. त्या डोळ्याची दृष्टी गेली. पुढे किशोरवयात उंच पट्टीचे आवाजही ऐकू येईनासे झाले. पक्ष्यांच्या आणि बेडकांच्या अभ्यासात त्यामुळे अडचण आली असती. पण डावा डोळा विलक्षण तीक्ष्ण होता. बोटाच्या पेरावर ठेवलेल्या किड्याच्या अंगावरची लव त्या डोळ्याला स्पष्ट दिसे. १९४२ मध्ये, तेराव्या वर्षी, अलाबामातल्या मोबील बंदराजवळ त्यांना परदेशातून आलेल्या आगमुंगीचं वारूळ सापडलं. अमेरिकेतल्या तिच्या अगदी सुरुवातीच्या नोंदींपैकी ती एक ठरली.

१९५४-५५ मध्ये ते न्यू कॅलेडोनिया, फिजी, न्यू गिनी अशा बेटांवर मुंग्या गोळा करत हिंडले. त्या प्रवासातून जी कल्पना निघाली ती मला त्यांच्या सगळ्या कामात सुंदर वाटते, म्हणून तिच्यापाशी थोडं थांबतो.

समुद्र ओलांडून नव्या बेटावर कोणत्या मुंग्या पोहोचतात? दाट जंगलाच्या पोटात राहणाऱ्या नव्हेत. ऊन, खारा वारा आणि पूर सोसणाऱ्या, किनाऱ्यावरच्या, नदीकाठच्या, विरळ झाडीतल्या मुंग्या पोहोचतात. वाऱ्याच्या आणि वाहत्या ओंडक्यांच्या तावडीत त्याच आधी सापडतात आणि पलीकडे उतरल्यावर समोर येतो तोही किनाराच. तिथं बस्तान बसलं की पिढ्यान्‌पिढ्या त्या आतल्या जंगलाकडे सरकतात. तिथल्या ठराविक ओलाव्याला, ठराविक भक्ष्याला आणि ठराविक कुजक्या लाकडाला जुळवून घेतात. दुसऱ्या बेटांवरच्या भाईबंदांशी संबंध तुटतो आणि हळूहळू त्या बेटाची स्वतःची, जगात इतरत्र नसलेली प्रजाती तयार होते. तिची पसरण्याची ताकद मात्र ओसरते, मुलूख आक्रसत जातो. तोवर किनाऱ्यावर नवे आगंतुक उतरलेले असतात. क्वचित एखादी जंगलातली प्रजाती पुन्हा काठावर येते आणि हे चक्र नव्यानं सुरू होतं. विल्सन यांनी १९६१ मध्ये याला प्रजातिगटांचं चक्र असं नाव दिलं. कोणती मुंगी कुठं राहते यावरून तिच्या कुळाचा प्रवास कोणत्या टप्प्यावर आहे ते ताडता येतं, ही त्यातली खरी नवी दृष्टी होती.

अंतराचं महत्त्वही मुंग्यांनीच दाखवलं. हवाई बेटं इतकी एकाकी आहेत की तिथं एकही मूळची मुंगी नाही. आज दिसतात त्या सगळ्या माणसासोबत आलेल्या.

रॉबर्ट मॅकआर्थर या गणिती बुद्धीच्या जीवशास्त्रज्ञाशी गाठ पडल्यावर या निरीक्षणांना आकड्यांचा आधार मिळाला. दोघांचा पहिला लेख १९६३ मध्ये आला, पुस्तक १९६७ मध्ये. कल्पना साधी आहे. हौदात वरून पाणी पडतंय आणि तळाच्या भोकातून जातंय. पातळी एका जागी ठरते, पण पाणी थांबलेलं नसतं. बेटावर नव्या प्रजाती येत राहतात, असलेल्यांतल्या काही नष्ट होत राहतात. बेट मुख्य भूमीपासून दूर असेल तर येणं कमी. बेट लहान असेल तर प्रत्येक प्रजातीची संख्या तोकडी, म्हणून जाणं जास्त. या दोन वेगांची बरोबरी होते तिथं प्रजातींचा आकडा स्थिरावतो.

१८८३ च्या उद्रेकात इंडोनेशियातल्या क्राकाटोआ या ज्वालामुखी बेटावरचं जीवन पुसलं गेलं होतं, तिथल्या पक्ष्यांच्या जुन्या मोजण्या त्यांनी तपासल्या. स्थलांतर करणारे पक्षी वगळून १९०८ मध्ये १३ प्रजाती होत्या, १९१९ ते २१ च्या पाहणीत २७ आणि १९३२ ते ३४ च्या पाहणीत पुन्हा २७. पण दोन्ही वेळचे २७ अगदी तेच नव्हते. काही गेले, तेवढेच नवे आले.

असा पुरावा मिळण्यासाठी ज्वालामुखीची वाट पाहत बसता येत नाही, म्हणून खारफुटीचा तो प्रयोग. बेटांचा व्यास ११ ते १८ मीटर. एवढ्या छोट्या बेटावरच्या कीटक-कोळ्यांच्या सगळ्या प्रजाती एकेक फांदी तपासून मोजता येतात, आणि त्या पन्नासाच्या आत निघाल्या. धुरीनंतर सिम्बरलॉफ दर काही आठवड्यांनी चिखल तुडवत तिथं जाऊन पुन्हा मोजत. रेशमाच्या धाग्यावर तरंगत कोळी आले, वाऱ्यानं सूक्ष्म किडे आणले. अनेक जण आले आणि टिकले नाहीत. साधारण २५० दिवसांत बहुतेक बेटांवर आकडा पूर्वीच्या जवळ आला. सर्वांत लांबचं बेट मागे राहिलं, सिद्धान्त सांगत होता तसंच. आणि आकडा जुना असला तरी यादीतली बरीच नावं नवी होती.

पुढे तुटक्या जंगलांनाही हाच नियम लावायला लोक उत्सुक झाले. शेतांनी वेढलेला जंगलाचा तुकडा म्हणजेही बेटच, तेव्हा अभयारण्यं मोठी आणि सलग हवीत, असा निष्कर्ष काढला गेला. त्यात तथ्य आहे, पण घाई झाली असं मला वाटतं. शेत म्हणजे समुद्र नव्हे, अनेक कीटक ते सहज ओलांडतात. एक मोठं अभयारण्य की अनेक लहान, याचं उत्तर या सिद्धान्तातून थेट निघत नाही, हे १९७६ मध्ये आग्रहानं मांडणाऱ्यांत सिम्बरलॉफ स्वतः होते. आपल्याच कामाचा एवढा गौरव होत असताना त्याच्या मर्यादा सांगणं सोपं नसतं.

त्याच वर्षी त्यांचा आणखी एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मोठं बेट समृद्ध असतं ते निव्वळ आकारामुळे, की तिथं राहण्याच्या जागांचे प्रकार जास्त असतात म्हणून? त्यांनी खारफुटीच्या काही बेटांचा थोडा थोडा भाग कापून काढला. उरलेल्या भागात झाडं त्याच जातीची, पाणी तेच, अंतरही जवळपास तेच. तरी पुढच्या मोजणीत प्रजाती कमी भरल्या.