अतिनवतारा आणि पृथ्वी

अतिनवतारा म्हणजे आयुष्याच्या शेवटी होणारा ताऱ्याचा प्रचंड स्फोट. बोलण्यात ‘सुपरनोव्हा’ हाच शब्द रुळला आहे. सूर्याच्या सुमारे आठपट किंवा त्याहून जड ताऱ्याच्या गाभ्यातले संमीलन (हलके अणू जुळून जड अणू बनणे) लोखंडापाशी थांबते. लोखंडाच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. मग गुरुत्वाला तोलून धरणारे काही उरत नाही आणि गाभा सेकंदाच्या आत कोसळतो; त्यातूनच स्फोट होतो. दुसऱ्या प्रकारात जोडीदाराकडून द्रव्य ओढणारा श्वेत बटू, म्हणजे विझलेल्या ताऱ्याचा दाट गाभा, सूर्याच्या १.४ पट वस्तुमानाजवळ पोचला की पुरता उधळला जातो.

या स्फोटांची चर्चा नेहमी संहारापासून सुरू होते. गोव्यात तरी ती तांबड्या मातीपासून व्हावी. डिचोली, सांगे भागातल्या खाणींत जे लोखंड सापडते, ते जवळजवळ सगळे सूर्यमाला जन्मण्याआधी अशा स्फोटांतच घडले. स्फोटात किरणोत्सर्गी निकेल-५६ बनते, त्याचे कोबाल्ट होते आणि काही महिन्यांत बहुतेकाचे लोखंड-५६. आपल्या रक्तातले लोखंडही तेच. अतिनवताऱ्यांचा पृथ्वीवरचा सर्वांत मोठा परिणाम हाच मानायला हवा.

नंतरच्या स्फोटांची खूण समुद्राने जपली आहे. अशा स्फोटांत बनणाऱ्या लोखंड-६० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचे (लोखंडाच्याच वेगळ्या वजनाच्या अणूचे) अर्धायुष्य, म्हणजे अर्धे अणू संपायला लागणारा काळ, सुमारे २६ लाख वर्षे. पृथ्वीचे वय ४५४ कोटी वर्षे असल्याने जन्मावेळचे लोखंड-६० कधीच संपले. आज सापडते ते नंतर बाहेरून आलेले. १९९९ मध्ये ते प्रथम प्रशांत महासागराच्या तळातील लोह-मँगनीज थरांत आढळले, पुढे हिंदी महासागराच्या गाळात आणि चंद्रावरच्या नमुन्यांतही. थरांच्या वयावरून १५ ते ३२ लाख वर्षांपूर्वी, काहीशे प्रकाशवर्षांवर, स्फोट झाले असावेत. असे द्रव्य जपणाऱ्या लोह-मँगनीज गाठी १९८१ मध्ये दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागरातून वर काढल्या होत्या. २०१९ मध्ये तर अंटार्क्टिकाच्या ५०० किलो ताज्या बर्फातही लोखंड-६० मिळाले, म्हणजे ती धूळ अजून पडते आहे.

धोका अंतरावर ठरतो. स्फोट २५-३० प्रकाशवर्षांच्या आत झाला, तर गॅमा किरण आणि विश्वकिरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) यांमुळे वातावरणात नायट्रोजनची ऑक्साइडे वाढून ओझोनचे कवच विरळ होईल आणि जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरण थेट जमिनीवर व समुद्राच्या वरच्या थरातील सूक्ष्मजीवांवर पडतील. इतक्या जवळ स्फोटाच्या बेतात असलेला तारा मात्र एकही नाही.

४ जुलै १०५४ रोजी चिनी निरीक्षकांनी वृषभ राशीत पाहिलेला असा तारा २३ दिवस भर दिवसा दिसत होता. गोव्यात तेव्हा कदंबांचे राज्य होते आणि ऐन पावसाळा. तरी रात्री तो पुढे पावणेदोन वर्षे दिसत राहिला. त्याचा अवशेष म्हणजे खेकडा तेजोमेघ.

पुढची पाळी बहुधा काक्षी (बीटलज्यूस) या ताऱ्याची, असे लोक म्हणतात. शेतकऱ्यांच्या ओळखीच्या आर्द्रा नक्षत्राचा हा योगतारा (मुख्य तारा) गोव्यात जवळजवळ डोक्यावरून जातो. २०१९-२० मध्ये तो मंदावला, तेव्हा स्फोटाच्या अफवा उठल्या. कारण निघाले त्याने स्वतः सोडलेली धूळ. अंतर ५०० ते ७०० प्रकाशवर्षे, त्यामुळे इजा होणार नाही. स्फोट उद्याही होईल किंवा एक लाख वर्षांनीही. १९८७ च्या अतिनवताऱ्याचे न्यूट्रिनो (कशातूनही सहज पार जाणारे सूक्ष्म कण) प्रकाशाच्या काही तास आधी पोचले होते. काक्षीचेही तसेच येतील, आषाढातल्या ढगांतून आणि सह्याद्रीतून आरपार.