एकसारख्या गाड्या, वेगवेगळे निकाल

१६ डिसेंबर २००७ रोजी चीनमधल्या झुहाई सर्किटवर नारायण कार्तिकेयननं ‘ए-वन ग्रां प्री’ या देशादेशांमधल्या मोटार शर्यतींच्या मालिकेत मुख्य शर्यत जिंकली. त्या मालिकेतला भारताच्या संघाचा हा पहिला विजय. दोन वर्षांपूर्वी, पहिल्या मोसमात, करुण चंढोक आणि अवघा सोळा वर्षांचा अरमान इब्राहिम भारताकडून उतरत होते, तेव्हा आपली गाडी शोधायची तर घोळक्याच्या शेपटीकडे बघावं लागे. गंमत अशी की मधल्या काळात गाडी बदललेली नव्हती. लोला कंपनीचा तोच सांगाडा, झायटेक कंपनीचं तेच इंजिन. आणि फ्रान्स, जर्मनी, ब्राझील, पाकिस्तान, लेबनॉन यांच्याकडेही अगदी हीच गाडी होती.

मग फरक पडतो कुठे?

दुबईच्या शेख मक्तूम हशेर अल मक्तूम यांची ही कल्पना. फुटबॉलसारखा विश्वचषक मोटार शर्यतीतही असावा, कंपन्यांऐवजी देश एकमेकांना भिडावेत, आणि ड्रायव्हर त्या त्या देशाचाच असावा. सप्टेंबर २००५मध्ये इंग्लंडच्या ब्रँड्स हॅचला पहिली शर्यत झाली. फॉर्म्युला वनच्या सुट्टीत, म्हणजे उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यात, ही मालिका रंगायची. पैसेवाल्या देशानं उत्तम गाडी बनवून बाकीच्यांना चिरडू नये म्हणून सगळ्यांना एकच गाडी : ३.४ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन, सुमारे ५२० अश्वशक्ती, कार्बन फायबरचा सांगाडा. नवा भाग बनवून बसवायला बंदी. इंजिनिअरच्या हातात उरतात ते फक्त काही स्क्रू आणि नट : विंगचा कोन, गाडीची जमिनीपासूनची उंची, स्प्रिंगा, धक्के शोषणारे डँपर, अँटी-रोल बार, चाकांचा कल, टायरमधली हवा. या सगळ्याला मिळून सेटअप म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण सगळा खेळ तिथेच आहे.

आधी हवेचं गणित. १०० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. गाडीचं वजन ड्रायव्हरसकट ७०० किलो धरू, आणि टायरची पकड वजनाच्या दीडपट. नुसत्या वजनाच्या जोरावर ही गाडी त्या वळणावर ताशी सुमारे १३८ किलोमीटरपर्यंत टिकेल, त्यापुढे घसरेल. पण रेसिंगची गाडी तेच वळण १८०नं घेते. त्यासाठी टायरवर वजनाखेरीज आणखी साधारण ४९० किलोंचा दाब हवा. तो हवा देते. विंग म्हणजे उलटं बसवलेलं विमानाचं पंख. विमानाला ते उचलतं, गाडीला दाबतं. शिवाय गाडीचा तळ आणि रस्ता यांच्या फटीतून हवा वेगानं निघते, तिथला दाब उतरतो आणि गाडी जमिनीकडे ओढली जाते. या खाली दाबणाऱ्या बलाला डाउनफोर्स म्हणतात. ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. म्हणून अशा गाडीचा एक विचित्र स्वभाव असतो : घाबरून वेग कमी करणाऱ्या ड्रायव्हरची पकडच कमी होते. वेगवान वळणात विश्वास ठेवून पाय दाबून ठेवणाऱ्याला गाडी सांभाळून घेते. नवख्याला हे पटवून देणं भौतिकशास्त्राच्या कुठल्याही वर्गापेक्षा अवघड असावं.

तळाखालची फट काही सेंटिमीटरांचीच असते, त्यामुळे पुढची किंवा मागची बाजू दोन-तीन मिलिमीटर वरखाली केली तरी हा दाब पुढच्या आणि मागच्या चाकांत वेगळा वाटला जातो. आणि दाब किती यापेक्षा तो कुठे पडतो हा प्रश्न जास्त छळतो.

ते समजायला टायरचा एक हट्टी गुणधर्म लक्षात घ्यावा लागतो. शाळेत आपण शिकलो की घर्षण भाराच्या सम प्रमाणात असतं. रबराला हे मान्य नाही. भार वाढवला की पकड वाढते, पण त्या प्रमाणात नाही. समजा, एका टायरवर ३०० किलो भार असताना तो ४५० किलोंएवढा आडवा जोर सोसतो. पुढच्या दोन टायरांचे मिळून ९००. आता गाडी वळणात शिरते, आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर सरकतो : एकावर ५००, दुसऱ्यावर १००. एकूण भार तेवढाच, ६००. पण ५०० किलोंच्या टायरची पकड ७५० होत नाही, ७००च होते. आणि १०० किलोंचा टायर १६० देतो. बेरीज ८६०. चाळीस किलो पकड हवेत विरली!

हे नुकसान टाळता येत नाही, पण ते पुढच्या चाकांनी सोसायचं की मागच्या, एवढं ठरवता येतं. त्यासाठी अँटी-रोल बार असतो : डावं आणि उजवं चाक जोडणारी, पिळवटणारी पोलादी दांडी. पुढचा बार कडक केला की भाराची अदलाबदल पुढच्या चाकांत जास्त होते, पुढची पकड घटते आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. हा अंडरस्टिअर. मागचा बार कडक केला तर उलट : मागचा भाग सुटून गाडी भोवऱ्यासारखी फिरू बघते. तो ओव्हरस्टिअर. ड्रायव्हर पिटमध्ये, म्हणजे संघाच्या थांब्यावर, येऊन म्हणतो, ‘मधल्या वळणात पुढचं टोक ऐकत नाही,’ आणि इंजिनिअरला त्याचा अर्थ लावायचा असतो : बार सैल करू, की पुढची विंग अर्धा अंश वाढवू? वळण हळू असेल तर विंगचा उपयोग नाही, कारण तिथे हवा फारशी दाबतच नाही. वेगवान वळण असेल तर विंगनं भागेल. म्हणजे तक्रार एकच असली तरी कुठल्या वळणावर, आत शिरताना की बाहेर पडताना, यावर औषध बदलतं. हे नेमकं सांगता येणारा ड्रायव्हर मला नुसत्या धाडसी ड्रायव्हरपेक्षा मोलाचा वाटतो.

टायरमधली हवाही साधी नाही. सकाळी २० अंशांना भरलेली हवा शर्यतीत ९० अंशांपर्यंत तापली तर तिचा निरपेक्ष दाब जवळजवळ एक चतुर्थांशानं वाढतो. टायर फुगतो, रस्त्याला टेकणारा पट्टा बदलतो, गाडीही किंचित उचलली जाते. म्हणजे तळाखालची ती फट पुन्हा बदलली. त्यामुळे थंड टायरात मुद्दाम कमी हवा भरतात आणि तापल्यावर ती नेमकी कुठे पोचेल याचा अंदाज बांधतात. ढग आला तरी हा अंदाज चुकतो.

गाड्या सारख्या असल्याचा एक तोटाही आहे. सारख्या गाड्या सारख्याच वेगानं पळतात. पुढच्याला गाठायचं कसं? त्यात पुढच्या गाडीनं घुसळलेली हवा मागच्याच्या विंगवर येते, विंग नीट काम करत नाही आणि वळणात मागचा मागेच राहतो. यावर ए-वन ग्रां प्रीनं ‘पॉवर बूस्ट’चं बटण दिलं होतं. ते दाबलं की काही क्षण सुमारे ३० अश्वशक्ती जास्त मिळायची, आणि एका शर्यतीत ते ठरावीक वेळाच वापरता यायचं.

आता या तिसांचा हिशेब करू. ताशी २५० किलोमीटरला ३० अश्वशक्ती म्हणजे फक्त सव्वातीनशे न्यूटनच्या आसपास जादा रेटा. ७०० किलोंच्या गाडीला तो चार सेकंदांत साडेतीन-पावणेचार मीटरच पुढे नेईल. पूर्ण एका गाडीची लांबीसुद्धा नाही. म्हणजे नुसतं बटण दाबून कुणी पुढे जात नसे. सरळ रस्त्यावर पुढच्या गाडीच्या आडोशाला चिकटायचं, तिथे हवेचा विरोध कमी म्हणून वेग वाढतो, आणि बाजूला निघताना बटण दाबायचं. दोन्हींची बेरीज झाली तरच जागा मिळे. पण आडोशाला चिकटायचं तर आधीच्या वळणातून जवळ राहून बाहेर पडायला हवं, आणि तिथे घुसळलेली हवा आडवी येते. शेवटी ओव्हरटेकिंगचं यशही त्या अँटी-रोल बारपाशीच येऊन थांबतं.

हे सगळं ज्यांना आधीपासून ठाऊक होतं ते पुढे राहिले, यात नवल नाही. गाडीवर झेंडा देशाचा असला तरी मागे पाने-पकडी चालवणारे अनेकदा मुरलेले व्यावसायिक संघ असत. पहिला चषक फ्रान्सनं नेला, तेव्हा त्यांची गाडी ‘दाम्स’ हा अनुभवी रेसिंग संघ सांभाळत होता. पुढचे चषक जर्मनी, स्वित्झर्लंड आणि आयर्लंड यांनी नेले. ‘सगळ्यांना समान संधी’ ही घोषणा म्हणूनच मला अर्धीच खरी वाटते. यंत्र समान वाटता येतं, वर्षानुवर्षांच्या नोंदवह्या नाही. २००५मध्ये जॉर्डन नावाच्या संघाकडून फॉर्म्युला वनचा पूर्ण मोसम पाहून आलेला कार्तिकेयन भारताच्या संघात आला, तेव्हा त्याच्यासोबत ती भाषा आली, इंजिनिअरला उपयोगी पडेल अशी तक्रार करण्याची. झुहाईनंतर मे २००८मध्ये त्यानं ब्रँड्स हॅचलाही मुख्य शर्यत जिंकली.

त्यानंतर गाडीच बदलली. २००८-०९साठी फेरारीच्या एफ २००४ या फॉर्म्युला वन गाडीवर बेतलेली, सुमारे ६०० अश्वशक्तीची नवी गाडी आली. ती वेळेत तयार झाली नाही, म्हणून इटलीतल्या मुजेल्लोची पहिली फेरी रद्द करावी लागली. पुढे पैसा आटला. ऑक्टोबर २००९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सर्फर्स पॅरडाइजला नव्या मोसमाची सुरुवात व्हायची होती; गाड्या पोचल्याच नाहीत आणि मालिका संपली.

जुन्या लोला गाड्या मात्र वाया गेल्या नाहीत. युरोपातल्या ऑटो जीपी मालिकेनं त्या वापरात आणल्या. २०१३मध्ये कार्तिकेयन पुन्हा त्याच गाडीत बसला, या वेळी झेंड्याशिवाय, आणि त्यानं अनेक शर्यती जिंकल्या. टायर मात्र कूपरऐवजी कुम्होचे होते, त्यामुळे झुहाईचा सेटअप जसाच्या तसा लावण्याची सोय नव्हती.