नौका-इंजिनातील इंधनमिश्रण आणि धुराचे डाग

नौकेच्या पिछाडीवर बसणाऱ्या काजळीचे व तेलकट डागांचे प्रमाण मुख्यतः इंजिनातील इंधन आणि हवा यांच्या मिश्रणावर अवलंबून असते. एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. ती कमी पडली की मिश्रण ‘रिच’ होते, न जळलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो आणि चालत्या नावेमागील कमी दाबाच्या पट्ट्यात ओढला जाऊन नावेलाच चिकटतो. डिझेल इंजिनात काळा डाग बहुधा अतिभार, चोंदलेला एअर फिल्टर किंवा बिघडलेला इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) यांमुळे पडतो. निळसर धूर तेल जळत असल्याचे सांगतो.

कोल्हापूरला समुद्र नसला तरी हा विषय परका नाही. पंचगंगेच्या २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत बचावकार्यासाठी नावा वापराव्या लागल्या. अशा कामातल्या रबरी नावांना मागे टांगलेले ‘आउटबोर्ड’ इंजिन असते. बुडालेल्या गल्लीत कुंपणे व तारा पाण्याखाली असल्याने नाव तासन् तास मंद गतीने न्यावी लागते. तेव्हा इंजिन पुरेसे तापत नाही, स्पार्क प्लगवर (ठिणगी पाडणाऱ्या भागावर) काजळी धरते आणि एरवी नाव ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) मध्यातून पाण्याखाली जाणारा धूर इंजिनाच्या पाण्यावरील भागातल्या लहान छिद्रातून बाहेर पडून तिथेच काळा, चिकट ओघळ उमटवतो. टू-स्ट्रोक (पिस्टनच्या दोन हालचालींत एक चक्र पूर्ण करणाऱ्या) इंजिनात वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळतात. ५० : १ हे प्रमाण म्हणजे लिटरला २० मिलिलिटर, घाईत अंदाजाने जास्त ओतले की ओघळ वाढतो.

शहराच्या उंचीचाही थोडा वाटा आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर हवेची घनता जवळपास ५ टक्क्यांनी कमी भरते, त्यामुळे किनाऱ्यावर जुळवलेला कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) येथे किंचित रिच चालतो. हवेचा दाब मोजणाऱ्या इंजेक्शन प्रणालीला ही अडचण येत नाही.

डाग सौम्य साबणाने, ताजा असतानाच धुवावा. रबरी नावेवर पेट्रोल किंवा थिनर लावल्यास जोड सुटू शकतात. मात्र डाग टाळण्यासाठी इंधन फार कमी करणे अधिक महागात पडते, कारण अतिविरळ मिश्रणाने ज्वलनकक्ष तापतो आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन जळू शकतो. अशा वेळी प्लगचे टोक पांढरे पडलेले दिसते. योग्य मिश्रणात ते फिकट तपकिरी असते.